नेवाडाच्या वाळवंटात, दहा एकरांच्या फुलासाठी

शुक्रवार

मेमोरियल डेचा लांब वीकेंड आला की बे एरियातली बरीचशी मराठी मंडळी योसेमिटीला नाहीतर टाहोला पळतात. आम्ही टाहो बाजूला ठेवून सरळ पुढे, नेवाडाच्या वाळवंटात शिरलो. कारण माझा मामा. मामा साताऱ्याचा, आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला आणि पहिल्यांदाच अमेरिकेत आलेला. व्हिसा हातात पडल्या पडल्या त्याने फोनवर सांगून टाकलं होतं, "व्हेगास, डिस्नेलँड काय असेल ते नंतर. आधी मला टीम्स बकव्हीट दाखवा. पुढच्या खेपेला ते जागेवर असेल की नाही, कुणी सांगावं?"

टीम्स बकव्हीट, म्हणजे एरिओगोनम टीमाय. जेरी टीम या वनस्पतिशास्त्रज्ञाला १९८३ साली नेवाडातल्या सिल्व्हर पीक डोंगररांगेत ही वनस्पती सापडली. दोन वर्षांनी जेम्स रिव्हील यांनी तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि टीम यांचंच नाव तिला दिलं. एरिओगोनम प्रजातीत अडीचशेच्या आसपास जाती आहेत, सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या. पण ही जाती जगात फक्त या एका डोंगरकुशीत आहे आणि तिने व्यापलेली जमीन सगळी मिळून दहा एकर. आपला आंबट चुका याच कुलातला, उत्तरेकडे उपासाला चालणारा कुट्टूही. त्यामुळे मामाच्या दृष्टीने फूल नवं असलं तरी घराणं ओळखीचं.

आमची इलेक्ट्रिक गाडी घरीच ठेवली. जिथे जायचं तिथे चार्जर नाहीत आणि रस्ता दगडधोंड्यांचा, म्हणून उंच चाकांची गाडी भाड्याने घेतली. निनादने, माझ्या नवऱ्याने, पाण्याचे कॅन आणि जादा स्टेपनी आधी चढवली.

डॉनर पास ओलांडताना उतारांवर अजून बर्फ होतं. घाट उतरून रीनो मागे पडलं आणि हिरवा रंग संपला. पॅसिफिकवरून येणारे ढग सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावर रिते होतात, पलीकडे पोचतो तो कोरडा वारा. साताऱ्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातल्या दहिवडीकडे चाराछावण्या उघडाव्या लागतात.

फॅलन, शुर्झ, मग वॉकर लेक. डोंगराच्या पायथ्याशी निळंशार पाणी बघून मामाने गाडी थांबवायला लावली. काठावर उभं राहिलं की तळं कुठवर होतं त्याच्या रेषा डोंगरावर वरपर्यंत दिसतात. वरच्या अंगाच्या शेतीने शंभराहून अधिक वर्षं नदीचं पाणी वळवलं, पातळी दीडशे फुटांहून जास्त खाली गेली, पाणी खारट होत गेलं आणि इथला लाहोंटन कटथ्रोट ट्राउट मासा संपला. शुर्झला राहणाऱ्या पायूट या मूळ रहिवासी लोकांची ओळखच या माशाशी जोडलेली होती. पुढे हॉथॉर्नला लष्कराच्या दारूगोळ्याची कोठारं मैलोन्‌मैल ओळीने लागतात, ती मागे टाकून अंधार पडता पडता टोनोपाला पोचलो. १९०० साली चांदी सापडली म्हणून वसलेलं गाव. खोलीत सामान टाकलं, बरोबर आणलेली चटणी-पोळी खाल्ली आणि झोपलो.

शनिवार

पहाटेच निघालो. दहा वाजल्यानंतर वारा सुटला की फुलांचे फोटो निघत नाहीत, हा मामाचा कासच्या पठारावरचा अनुभव.

एस्मेराल्डा काउंटी क्षेत्रफळाने सातारा जिल्ह्यापेक्षा थोडीशीच लहान, पण २०२० च्या जनगणनेत इथे माणसं मोजली गेली ७२९. महामार्ग सोडून सिल्व्हर पीककडे वळलो. गावाच्या बाजूला खोऱ्यात रंगीत पाण्याची भली मोठी तळी दिसू लागली, काही फिकट निळी, काही हिरवट. हे मिठागर लिथियमचं. जमिनीखालचं खारं पाणी उपसून उन्हात आटवायचं आणि त्यातून लिथियम काढायचं, हा उद्योग इथे १९६६ पासून चालू आहे. निनाद बॅटरी साठवणुकीच्या क्षेत्रात काम करतो. तो बराच वेळ तळ्यांकडे बघत उभा होता. "मामा, माझं रोजचं काम इथून सुरू होतं," तो म्हणाला.

इथून पुढचा रस्ता मी मुद्दाम लिहीत नाही. हे फूल चोरीला जाऊ शकतं, पायाखाली जाऊ शकतं, आणि ज्याला मनापासून जायचं आहे त्याला वाट सापडतेच. एवढंच सांगते की डोंगराच्या आत शिरलो तसं सेजब्रश, म्हणजे इथलं राखाडी वाळवंटी झुडूप, विरळ होत गेलं. नारिंगी ग्लोबमॅलो कडेने फुललेलं होतं, तेही मागे राहिलं. एका वळणानंतर समोरची टेकडी एकदम पांढुरकी झाली, खडू सांडल्यासारखी. गाडी तिथेच उभी केली.

रस्ता सोडायचा नाही असं आमचं आधीच ठरलेलं होतं आणि तो सोडण्याची गरजही पडली नाही. मामा रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला आणि खिशातून भिंग काढलं. जमिनीलगत निळसर राखाडी पानांची एक गादी, वीतभर रुंद. पानांवर इतकी बारीक लव की बोट लावायच्या आधीच मऊपणा जाणवावा. त्या गादीतून बिनपानांचे ताठ देठ वर आलेले आणि प्रत्येकाच्या टोकाला फिकट पिवळ्या फुलांचा एकेक गेंद. लांबून तो एकच फूल वाटतो. भिंगातून पाहिलं तर डझनावारी इवली फुलं दाटीने बसलेली, प्रत्येकाला सहा पाकळ्यांसारखी दलं आणि बाहेर डोकावणारे पुंकेसर. जुन्या गेंदांच्या कडा तांबूस व्हायला लागल्या होत्या, ती फुलं वाळत जाताना रंग बदलतात. एका गेंदावर तांदळाच्या कणीएवढी माशी आणि तिच्या शेजारी परागात माखलेला काळा भुंगेरा. मामाने श्वास रोखून धरला होता. भुंगेरा उडाला तेव्हा सोडला.

"माती बघ," तो म्हणाला. मी वाटेवरचीच चिमूटभर उचलली. वरचा पापुद्रा फुगलेला, भुसभुशीत, आतली चिकणमाती. या मातीत बोरॉन आणि लिथियमचं प्रमाण इतकं जास्त आहे की आजूबाजूच्या बहुतेक झाडाझुडपांना ती मानवत नाही. टीम्स बकव्हीट मात्र तिथेच आपला संसार मांडून बसलं. गवत नाही, सेजब्रश नाही, उन्हाशी आणि पाण्याशी झुंज तेवढी उरली. हजारो वर्षांत त्याने ती झुंज जमवली.

आणि ज्या मातीने त्याला जागा दिली तीच आता त्याच्या मुळावर आली आहे. या डोंगराचं नाव ऱ्होलाइट रिज. आयोनियर नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीला इथे लिथियम आणि बोरॉनची उघडी खाण काढायची आहे. वर्षाला सुमारे २२,००० टन लिथियम कार्बोनेट, कंपनीच्या हिशोबाने ३,७०,००० इलेक्ट्रिक गाड्यांना पुरेल इतकं. २०१९ साली सेंटर फॉर बायोलॉजिकल डायव्हर्सिटी या संस्थेने फुलाला संरक्षण मागणारा अर्ज केला. कोर्टकचेऱ्या होत डिसेंबर २०२२ मध्ये ते संकटग्रस्त म्हणून जाहीर झालं आणि ९१० एकरांवर त्याचा अत्यावश्यक अधिवास आखला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटने, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याने, खाणीलाही मंजुरी दिली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जवळजवळ एक अब्ज डॉलरचं कर्ज पक्कं केलं. मंजुरीविरुद्ध पर्यावरण संस्था आणि शोशोनी या मूळ रहिवासी लोकांची संघटना न्यायालयात गेल्या आहेत. शोशोनींना पवित्र असलेला एक झरा याच डोंगरात आहे.

कंपनी म्हणते, एकाही झाडावर थेट बुलडोझर जाणार नाही, आम्ही कुंपण घालू, रोपवाटिका चालवू. नकाशावर हे खरंही आहे. पण आखलेल्या अधिवासाचा सुमारे पाचवा भाग खाणीत आणि तिच्या पसाऱ्यात जातो. झाडांपासून ५०० मीटरचा पट्टा अधिवासात घेतला आहे तो त्या माशी-भुंगेऱ्यांसाठी. कीटक आले नाहीत तर बी नीट धरत नाही. ते कीटक या फुलावरच जगतात असं नाही, त्यांना आजूबाजूची इतर झुडपं लागतात, घरटी करायला उघडी जमीन लागते. फूल मध्ये ठेवून भोवतालचा डोंगर पोखरला, रात्रंदिवस धूळ उडत राहिली, तर त्या गेंदावर कोण येऊन बसणार? मला कंपनीच्या आश्वासनातली ही सगळ्यात मोठी उणीव वाटते.

रोपवाटिकेबद्दल मामाला आस्था आहे, पण भाबडेपणा नाही. नेवाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी या जातीची रोपं कुंडीत वाढवून दाखवली आहेत. ती डोंगरावर नेऊन लावायचा प्रयत्न झाला तेव्हा बहुतेक रोपं कुरतडणाऱ्या प्राण्यांनी फस्त केली. २०२० च्या उन्हाळ्याशेवटी तर मूळ झाडांवरच घाला आला. सतरा हजारांहून जास्त झाडं उकरलेली, मुळं खाल्लेली सापडली. सुरुवातीला माणसांवर संशय गेला. नंतर उकरलेल्या मातीतल्या आणि मुळांवरच्या डीएनएची तपासणी झाली तेव्हा निघाल्या जमिनीवर राहणाऱ्या खारी. दुष्काळात पाणी कुठेच मिळेना, म्हणून त्यांनी जाड मुळांतला ओलावा शोधला. २०२२ च्या मोजणीत सुमारे २५ हजार झाडं उरली होती. एका कोरड्या उन्हाळ्यात एवढी पडझड होऊ शकते, म्हणूनच मागे उरलेल्या जागेत जराही कपात परवडणारी नाही.

"आपल्याकडे काय वेगळं होतं?" मामा परतताना म्हणाला. "सड्यावर माती बोटभर, म्हणून महसूल दप्तरी ती पडीक. आणि खाली बॉक्साइट निघालं की मग त्या पडीकाला एकाएकी किंमत." कोल्हापूरकडचे जांभ्याचे सडे त्याने उमेदीच्या वर्षांत विद्यार्थ्यांना घेऊन पालथे घातले होते. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं तेव्हा त्याला आनंद झाला होता, पण यादीत नसलेल्या सड्यांची काळजी त्याला आजही आहे. शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी ही दुर्मिळ वनस्पती त्याने मला लहानपणी दाखवली होती. ती महाराष्ट्राबाहेर कुठेच उगवत नाही. त्या कड्याजवळून लोक रोज गड चढतात.

निनाद बोलला तो परत सिल्व्हर पीकला आल्यावर. "पेट्रोल सोडायचं तर लिथियम लागणारच आहे. मी ते नाकारू शकत नाही." मामाने मान डोलावली. "मीही नाकारत नाही, जावईबापू. लिथियम जगात पुष्कळ ठिकाणी आहे. हे दुसरीकडे नाही." यावर निनादकडे उत्तर नव्हतं आणि माझ्या मते ते कुणाकडेच नाही.

रविवार

टोनोपाहून दक्षिणेला गोल्डफील्ड आणि बीटी ही गावं झपाट्याने मागे टाकून अ‍ॅश मेडोज. कालच्या डोंगरानंतर मला मामाला एक बचावलेली जागा दाखवायची होती.

वाळवंटाच्या मधोमध पाणी. क्रिस्टल स्प्रिंगच्या लाकडी पायवाटेवरून चालत झऱ्याशी गेलं की तळाच्या पांढऱ्या वाळूपर्यंत दिसणारं फिरोजी पाणी आणि त्यात फिरणारे निळे पपफिश मासे. हे पाणी हजारो वर्षांपूर्वी दूरच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचं, खडकातून झिरपत इथवर आलेलं. त्याच्या आधाराने जगात इतरत्र कुठेही नसलेल्या किमान २६ वनस्पती आणि प्राणी इथे टिकून आहेत.

त्यांतली अ‍ॅश मेडोज ब्लेझिंग स्टार आम्हाला पायवाटेपासून दूर, क्षारांनी पांढऱ्या पडलेल्या मातीवर दिसली. पानं फिकट, खरखरीत, लव असलेली, फुलं मेणासारखी पिवळी. मामाने दुर्बिणीतूनच बघितली. त्याच मातीत उगवणारं अमर्गोसा नायटरवर्ट हे तर इतकं बुटकं आणि मांसल आहे की न सांगता त्यावरून कुणीही चालत जाईल.

इथे काय काय होऊन गेलं ते अभ्यागत केंद्रात नीट मांडलेलं आहे. साठच्या दशकात दलदलीतलं पाणी काढून पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची माती, खणलं गेलं. मग मोठ्या शेतीसाठी विहिरी खोदल्या आणि डेव्हिल्स होल या खोल कपारीतलं पाणी उतरायला लागलं. तिथे जगातले सगळे डेव्हिल्स होल पपफिश राहतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७६ मध्ये न्यायालयाने एकमताने पाण्याची पातळी राखण्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे जमीन बिल्डरकडे गेली. तीस हजारांहून जास्त प्लॉट पाडायचा घाट होता, थोडे रस्ते आखलेही गेले. १९८४ मध्ये नेचर कन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेने ती जमीन विकत घेतली आणि त्याच वर्षी तिचं राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य झालं.

मामा त्या फलकासमोर बराच वेळ उभा होता. न्यायालयाने वाचवला एक इंचभर मासा, पण त्याच्यामागे पाणी वाचलं, आणि पाण्याबरोबर ब्लेझिंग स्टार, नायटरवर्ट, मधमाश्या, गोगलगाई, सगळा गोतावळा. ऱ्होलाइट रिजवर नेमकं हेच मागणं आहे. फुलाभोवती कुंपण नको, फुलाचा डोंगर हवा.

अभयारण्य झालं म्हणून काळजी मिटली असंही नाही. २०२३ मध्ये हद्दीच्या अगदी जवळ लिथियम शोधायला बोअर मारण्याचा बेत आला होता. हद्दीबाहेर मारलेल्या बोअरने आतला झरा आटू शकतो, कारण खालचं पाणी एकच आहे. अमर्गोसा खोऱ्यातले गावकरी, टिंबिशा शोशोनी लोक आणि संस्था एकत्र उभ्या राहिल्या, दावा दाखल झाला, आणि जुलैमध्ये ब्युरोने परवानगी मागे घेतली. ज्या गावात राजकारणावरून शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत तिथे विहिरीच्या पाण्यावरून सगळे एका बाजूला आले, असं केंद्रातल्या स्वयंसेवक आजींनी सांगितलं. त्यांनी मामाला बियांच्या पेढीबद्दल इतकं काही विचारलं की आम्हाला निघायला चार वाजले. मुक्काम पाहरंपला.

सोमवार

परतीचा पल्ला लांबचा, म्हणून डेथ व्हॅली जवळपास गाडीतूनच पाहिली. फर्नेस क्रीकपाशी उन्हाने उभं राहवेना. पॅनामिंट खोऱ्यातून ट्रोनाकडे उतरलो. गावाशेजारी सर्ल्स लेक, कोरडं, पांढरं, कारखान्यांनी वेढलेलं. इथून एकोणिसाव्या शतकापासून टाकणखार निघतो. या तळ्याचं नाव ज्या जॉन सर्ल्सवरून पडलं त्याच्याच नावाचं सर्लेसाइट हे खनिज, आणि ऱ्होलाइट रिजमधलं बोरॉन त्याच खनिजात आहे. मामाने वहीत ट्रोनाचं नाव टिपून घेतलं.

बेकर्सफील्डला जेवायला थांबलो तेव्हा निनादने बॅटरीच्या पुनर्वापराविषयी मामाला सविस्तर सांगितलं. जुन्या बॅटऱ्यांतलं लिथियम परत काढता येतं, त्याचा मोठा कारखाना याच नेवाडात, रीनोजवळ उभा राहिला आहे. कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सी या खाऱ्या तळ्याच्या परिसरात भूऔष्णिक वीजकेंद्रांतल्या गरम खाऱ्या पाण्यातून लिथियम काढायचे प्रयत्न चालू आहेत. यातलं काहीच उद्या सकाळी सगळी गरज भागवणारं नाही, हे तो लपवत नाही. पण कुठे खणायचं याचा क्रम लावता येतो, आणि त्या क्रमात ऱ्होलाइट रिज शेवटी यावं, यावर तो आता मामाच्या बाजूचा आहे.

कुणाला जायचं असेल तर मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा बरा, जूनअखेर बी धरायला लागतं. टाकी टोनोपालाच भरा, माणशी दोन गॅलन पाणी ठेवा, फोनला रेंज नसते. गाडी आणि पाय दोन्ही रस्त्यावरच राहू द्या. फोटो टाकताना ठिकाण बंद करा, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर अशा दुर्मिळ जातींची जागा आपोआप धूसर केली जाते. आणि अशा प्रकल्पांवर ब्युरो जेव्हा हरकती-सूचना मागवते तेव्हा मुदतीत पत्र लिहा. त्यासाठी अमेरिकेचं नागरिक असावं लागत नाही. मामा साताऱ्याहून लिहिणार आहे, इंग्रजी मजकूर तपासायचं काम माझ्याकडे आहे.